दम आधी परततो, पाय नंतर: दुखापतीनंतर पुन्हा धावायला लागताना

डाव्या टाचेमागच्या अकिलिसच्या, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या टेंडनच्या (दोरीसारख्या ऊतकाच्या), दुखण्यानंतर माझा पाचवा आठवडा चालू होता. ठरलेलं होतं वीस मिनिटांचं धावणं, मध्ये मध्ये चालणं. त्या दिवशी श्वास इतका मोकळा लागला की चालायची वेळ झाली तरी थांबावंसं वाटेना. पाय हलके, टाच गप्प, डोकं शांत. मी तब्बल पन्नास मिनिटं धावले आणि घरी येऊन स्ट्रेचिंग करताना मनात म्हटलंही, की सुटलो एकदाचे यातून. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाच उचलेचना. पलंगापासून दारापर्यंतची आठ-दहा पावलं भिंतीला धरून टाकली. पुढचे तीन आठवडे धावणं बंद. ये रे माझ्या मागल्या!

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की त्या दिवशी मला फसवलं ते माझ्या दमानं. हृदय आणि फुप्फुसं तयार झाली होती, टाचेमागचा टेंडन झाला नव्हता, आणि धावताना बोलतो तो दम. दुखापतीनंतरच्या पुनरागमनाचं सगळं कोडं मला या एका गोष्टीत दिसतं. पुढे जे लिहिते आहे ते याच धाग्यावर आहे.

आधी घाबरणं थोडं कमी करू

दुखापत झाली की पहिली भीती वाटते ती केलेली सगळी मेहनत वाया जाण्याची. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित सराव असलेल्या खेळाडूंना ८४ दिवस व्यायाम बंद करायला लावून मोजमाप केलं होतं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली, आठ आठवड्यांपर्यंत सुमारे १६ टक्के, आणि मग घसरण थांबली. दोन महिने काहीही न करता एवढंच! सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्यामुळे होते, आणि तो थोड्याच सरावात भरून येतो. म्हणूनच परतल्यावर दम झपाट्यानं सुधारतो.

टेंडन आणि हाडं या वेगानं चालत नाहीत. टेंडनला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, तो बळकट व्हायला महिने लागतात. हाडावर ताण वाढला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट नाजूक असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमलं’ असं वाटतं तेव्हा आत काय चाललेलं असतं, ते यावरून कळेल.

पहिलं काम: दुखतंय ते नेमकं काय, हे ठरवणं

‘पाय दुखतो’ हे निदान नव्हे. स्नायू, टेंडन, लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) आणि हाड यांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाची रेघ आहे ती हाड आणि बाकीच्या सगळ्यांमधली. टेंडनची किंचित कुरकुर सोसून पुढे जाता येतं. हाडाच्या बाबतीत अजिबात नाही.

ओळखायची एक ढोबळ खूण सांगते. टेंडन सकाळी किंवा बसून उठल्यावर आखडलेला असतो, चार पावलं चाललं की मोकळा होतो. हाडाचं दुखणं धावत गेलं तसं वाढत जातं, बहुतेकदा एका बोटानं दाखवता येईल अशा जागी असतं, आणि बळावलं की बसल्या जागी किंवा रात्री झोपेतही ठणकतं. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्टा दुखत असेल तर ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्यानं नडगीवर आलेला ताण. पण त्याच नडगीवर एकाच बिंदूला बोट लावल्यावर कळ येत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर, नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर धावायला सुरुवात करू नका.

जांघेत खोलवर दुखत असेल, किंवा पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, तर विशेष जपा. मांडीच्या हाडाची मान (खुब्याजवळचा अरुंद भाग) आणि पावलातलं नॅव्हिक्युलर हे छोटं हाड भरून यायला फार वेळ घेतात आणि दुर्लक्ष झालं तर शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. शस्त्रक्रिया आधीच झालेली असेल, तर तुमचं वेळापत्रक शल्यविशारद आणि फिजिओ ठरवतील. या लेखातल्या आठवड्यांपेक्षा त्यांचा शब्द मोठा.

धावणं बंद असतानाची तयारी

बर्फ लावा आणि पडून राहा, हा सल्ला आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मिर्किन यांनी मांडलं, आणि पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं होणं लांबू शकतं. पहिले काही दिवस जपायचं, हे खरंच. पण नंतर हलका, मोजका भार हेच औषध आहे. टेंडनला ताण मिळाला नाही तर तो आळशी होतो आणि आणखी कमजोर पडतो.

म्हणून धावणं बंद, व्यायाम चालू. दुखत नसेल तर सायकल, पोहणं, किंवा कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात धावणं. यानं दम टिकतो आणि मनही ताळ्यावर राहतं. याहून मोलाचं काम म्हणजे ताकद. पोटऱ्या, मांड्या, नितंब. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीवरून परत येतो, आणि तो झेलतात हेच स्नायू. मिनिटाला १७० पावलं धरली तरी अर्ध्या तासात पाच हजारांवर पावलं होतात. म्हणजे एकेका पायावर अडीच हजारांहून जास्त उड्या. धावणं हा एका पायावर उड्या मारायचा खेळ आहे, हे एकदा मनात ठसलं की ताकदीच्या व्यायामाला कंटाळा करावासा वाटत नाही.

माझ्यासारखं अकिलिसचं दुखणं असेल तर जिन्याची पायरी हे सर्वांत चांगलं साधन. स्वीडनच्या होकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये दाखवलेला व्यायाम आजही तितकाच उपयोगी आहे. कठड्याला हात. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत. दोन्ही पायांनी वर या, चांगला पाय उचलून घ्या, आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली जाऊ द्या. एक, दोन, तीन असं मोजत. पोटरीच्या खालच्या भागात दोरी ताणल्यासारखी ओढ जाणवते. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. पंधरा वेळा, असे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि मग तेवढेच किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मला परत उभं केलं ते याच पायरीनं. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. दुखणं टाचेच्या हाडाला अगदी चिकटून असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका. हाच व्यायाम सपाट जमिनीवर करा.

घोटा मुरगळला असेल तर ताकदीइतकाच तोल महत्त्वाचा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, पुढे डोळे मिटून. सोपं वाटतं, पण मुरगळलेल्या घोट्यावर सुरुवातीला दहा सेकंदही जमत नाही.

धावायच्या आधीची परीक्षा

कॅलेंडर बघून धावायला सुरुवात करू नका. ‘सहा आठवडे झाले’ म्हणून पाय तयार झालेला असतो असं नाही. त्यापेक्षा पायालाच विचारा. अर्धा-पाऊण तास भरभर चालून, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दुखत नाही ना? जिना लंगडल्याशिवाय उतरता येतो का? एका पायावर उभं राहून टाच वीस-पंचवीस वेळा उचलता येते का, आणि दोन्ही पायांचा आकडा जवळपास सारखा आहे का? आरशासमोर एका पायावर हळूहळू बसताना गुडघा आत कोसळतो का? शेवटी, त्याच जागी एका पायावर वीस उड्या. आवाज न करता, न दुखता.

उडीची परीक्षा पास होत नसेल तर धावू नका. वीस उड्या दुखतात आणि अडीच हजार दुखणार नाहीत, असं होत नाही. हाडाची दुखापत असेल तर याआधी किमान दोन आठवडे रोजच्या वावरात आणि चालण्यात अजिबात दुखलेलं नसावं, आणि उड्यांची परीक्षा डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून करू नये.

चालणं आणि धावणं, आलटून पालटून

सुरुवात अशी करावी की पहिल्या दिवशी ‘एवढंच?’ असं वाटेल. पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, शेवटी पाच मिनिटं चालून निववायचं. मधल्या भागाच्या पायऱ्या मी अशा धरते:

१. एक मिनिट धावणं, तीन मिनिटं चालणं, सहा वेळा
२. दोन मिनिटं धावणं, दोन चालणं, पाच वेळा
३. तीन धावणं, दोन चालणं, पाच वेळा
४. पाच धावणं, दोन चालणं, चार वेळा
५. आठ धावणं, दोन चालणं, तीन वेळा
६. दहा धावणं, एक चालणं, तीन वेळा
७. सलग तीस मिनिटं

एका दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. प्रत्येक पायरी किमान दोनदा झाल्याशिवाय पुढची नाही. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी चार-पाच आठवडे. महिनाभर थांबलेल्याला हे पुरतं. तीन-चार महिने थांबला असाल किंवा हाडाचं दुखणं असेल, तर एकेक पायरी दोन आठवडे करा.

दिवसाआड का? जोरदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस टेंडनमधलं कोलॅजन (टेंडन ज्याचा बनतो ते प्रथिन) बनण्यापेक्षा झिजतं जास्त, आणि त्यानंतर बांधणी वरचढ होते. रोज धावलं तर शरीर झीज भरायच्या आतच पुढची झीज सुरू होते. मधल्या दिवशी ताकदीचे व्यायाम किंवा सायकल चालेल.

वेग? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. घड्याळात पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, दिसत असेल तर तो पडदा बंद करा. जुने आकडे या काळात वैऱ्यासारखे वागतात. आणि चालण्याचा भाग दम लागत नाही म्हणून गाळू नका. तो दमासाठी नाहीच, टेंडन आणि हाडांना मिळालेली ती उसंत आहे. माझी पन्नास मिनिटांची चूक नेमकी इथेच झाली.

पावलांचा आवाज ऐकायची सवय लावून घ्या. कानात काही न घालता, शांत रस्त्यावर. परतल्यावर पहिल्या आठवड्यात माझं उजवं पाऊल धप्प पडायचं आणि डावं नुसतं टेकायचं: धप्प-टप, धप्प-टप. डावी टाच दुखत नव्हती, तरी शरीर तिला वाचवत होतं आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर टाकत होतं. एका पायाला जपताना दुसरा दुखावतो, तो असा. आवाज असमान झाला की मी चालायला लागायचे, सम झाला की पुन्हा धावायचे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही पावलं एका सुरात पडायला लागली.

खरा परीक्षक: दुसऱ्या दिवशीची सकाळ

धावताना अंग गरम असतं, दुखणं दबलेलं असतं. म्हणून धावणं कसं झालं याचा निकाल धावून झाल्यावर लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी उठल्यावरची पहिली दहा पावलं तो निकाल देतात.

एक छोटी वही करा. धावण्याच्या दिवशी तीन आकडे लिहायचे: धावताना दुखणं शून्य ते दहापैकी किती, त्याच संध्याकाळी किती, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या पावलांना किती. अकिलिसच्या रुग्णांवर स्वीडनमध्ये झालेल्या २००७ च्या अभ्यासात पाचपर्यंतचं दुखणं चालवून घेतलं होतं. अट एवढीच, की ते दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. एकट्यानं, फिजिओच्या नजरेखाली नसताना मी तीनवर रेघ मारते. तीनपर्यंत आणि सकाळी नेहमीसारखं: पुढे चला. सकाळी नेहमीपेक्षा जास्त आखडलंय: तीच पायरी पुन्हा, एक दिवस जास्त विश्रांती घेऊन. धावताना दुखणं वाढत गेलं, पाऊल बदललं, किंवा सकाळी लंगडावं लागलं: तिथेच थांबा, दोन पायऱ्या मागे या. हाडाच्या दुखापतीला ही मुभा नाही. तिथे मान्य आकडा एकच, शून्य.

वेदनाशामक गोळी घेऊन धावायचं नाही. गोळी परीक्षकालाच झोपवते.

वहीचा आणखी एक फायदा. दुखणं पुन्हा उपटलं की माणूस म्हणतो, ‘अचानक झालं’. वही उघडली की दिसतं, चार दिवस सकाळचा आकडा एकेकानं चढत होता. अचानक असं सहसा काही होत नाही.

सलग अर्धा तास जमल्यावर

इथून पुढे मोठा धोका असतो, कारण आता आपण ‘बरे’ झालेले असतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी वेळ, मग आठवड्यातले दिवस, मग चढ-उतार, आणि सर्वांत शेवटी वेग. वेग शेवटी अशासाठी, की जोरात धावताना पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर पडणारा ताण फार वाढतो. मांडीमागचा स्नायू दुखावलेल्यांनी तर हे गाठ बांधून ठेवावं, तो स्नायू पुन्हा लचकतो तो बहुतेकदा स्प्रिंटमध्ये. चढ अकिलिस आणि पोटरीला जड, उतार गुडघ्याला आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला. तुमचं काय दुखावलं होतं त्यावरून काय लांबवायचं ते ठरवा.

आठवड्याला १० टक्केच वाढवा, हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. नियम पाळून सावकाश वाढवणारे आणि जरा लवकर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी झालाच. नियम टाकून द्या असं मी म्हणत नाही, पण १० टक्के पाळले म्हणून निर्धास्त राहू नका. आकड्यापेक्षा सकाळचं ऐका. आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी धावा. हातचं राखून धावणाऱ्याचं वर्ष सहसा सलग जातं.

पावलांची गती हाही एक सोपा उपाय आहे, विशेषतः गुडघ्याच्या पुढच्या बाजूच्या दुखण्यात. त्याच वेगात पावलं ५ ते १० टक्के वाढवली, म्हणजे मिनिटाला १६० असतील तर १६८ च्या आसपास नेली, की पाऊल आखूड पडतं आणि गुडघ्यावरचा भार घटतो. अकिलिसवाल्यांनी चवड्यावर धावायचा प्रयोग मात्र या काळात करू नये. बुटांचंही तसंच: सवयीचे, फार न झिजलेले बूट पुरे. टाचेकडे कमी उंचीचे बूट पोटरी-अकिलिसवर भार टाकतात, उंच टाचेचे गुडघ्याकडे सरकवतात. परतताना बूट, रस्ता आणि वेळ सगळं एकदम बदललं, तर काय बाधलं ते कळणारच नाही.

झोप आणि जेवण यांबद्दल एवढंच, की दुखापतीत धावणं बंद म्हणून जेवण तोडू नका. ऊतक भरायला ऊर्जा लागते. वारंवार हाडाची दुखापत होत असेल, किंवा मैत्रिणींनो, पाळी लांबत किंवा बंद होत असेल, तर खाणं खर्चाला पुरत नसण्याची दाट शक्यता असते. डॉक्टरांशी बोला. हे अंगावर काढू नका.

कधी थेट डॉक्टरांकडे

रात्री झोपमोड करणारं दुखणं. गुडघा अडकणं किंवा पाय अचानक दगा देणं. पायाला बधिरपणा. सूज उतरतच नाही. ‘कट्’ असा आवाज होऊन पोटरीमागे कुणी लाथ मारल्यासारखं वाटणं आणि मग चवड्यावर उभं राहता न येणं, हे अकिलिस तुटल्याचं लक्षण असू शकतं. एकच पोटरी सुजून गरम होणं, विशेषतः प्लास्टरनंतर किंवा बरेच दिवस पडून राहिल्यावर, हे रक्ताच्या गुठळीचं असू शकतं. सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही न थांबता इस्पितळ गाठा.

माझी वही अजून पलंगाशेजारी असते. आज सकाळचा आकडा एक होता, काल शून्य. म्हणून आज चालायला जाणार आहे, आणि जाण्याआधी पायरीवर पंधरा-पंधराचे तीन संच.